बटण, पोळी आणि सही : पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या काळाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात पार्किन्सन्स आजारावर एक छोटे उत्तर प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे त्याच विषयावरची निघाली. त्यांत औषधांबद्दल फार थोडे होते; लोकांनी लिहिले होते ते शर्टाच्या बटणांबद्दल, पोळ्यांबद्दल, बँकेतल्या सहीबद्दल. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जी दहा-पंधरा मिनिटे मिळतात त्यांत हे प्रश्न मागे राहतात, किंवा एवढ्या लहान गोष्टी डॉक्टरांना कशा विचारायच्या, असे वाटून ते विचारलेच जात नाहीत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून माझे सारे काम याच लहान गोष्टींशी आहे, त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. औषधे आणि त्यांची मात्रा यांविषयीचा निर्णय मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असतो, हे प्रत्येक उत्तर वाचताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ६१. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पार्किन्सन्सचे निदान केले, पण त्यांचा हात मुळीच थरथरत नाही. फक्त सगळे फार सावकाश झाले आहे. शर्टाची बटणे लावायला दहा मिनिटे लागतात, आंघोळीला पाऊण तास. कधीकधी मनात येते की हे मुद्दाम वेळ काढत आहेत, आणि मग माझी मलाच लाज वाटते. निदान चुकले असेल का? आणि मी त्यांना किती मदत करावी? (कोल्हापूर)

उत्तर : थरथर नाही म्हणून निदान चुकले, असे समजू नये. आपल्याकडे या आजाराला कंपवात हे नाव रूढ असल्यामुळे कंप म्हणजेच आजार अशी समजूत झाली आहे. पण सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना सुरुवातीला कंप नसतो, आणि काहींना तो पुढेही होत नाही. निदानासाठी डॉक्टर मुख्यतः पाहतात ती हालचालींची मंदगती, आणि तिच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा स्वस्थ बसलेले असताना होणारा कंप. हे निदान प्रामुख्याने हातांनी तपासून आणि डोळ्यांनी पाहूनच होते. एमआरआय बहुतेक वेळा निर्दोष येतो; तो दुसरे काही नाही ना, एवढे पाहण्यासाठीच काढलेला असतो. तरीही मनात शंका असेल तर दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नसतो.

आता बटणांकडे वळू. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात, आणि आजाराची लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी नष्ट झालेल्या असतात. आयुष्यभर हजारो वेळा केल्यामुळे जी कामे हातांना पाठ झालेली असतात, ती आपली आपण पार पडावीत यासाठी या डोपामिनची फार मोठी गरज असते. तुम्ही बटण लावता तेव्हा बोटांचा विचारही करत नाही; त्या वेळी कदाचित भाजीचा विचार करत असता. तुमच्या यजमानांची ती सोय गेली आहे. त्यांच्या बोटांत ताकद आहे, त्यांना बटण कसे लावायचे ते माहीत आहे, परंतु प्रत्येक बटण त्यांना पहिल्यांदा लावल्यासारखे लक्ष देऊन लावावे लागते. त्यातही एक विशेष असा की एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली की ती दर वेळी थोडी लहान आणि थोडी संथ होत जाते, त्यामुळे पहिले बटण बरे लागते आणि चौथ्यापाशी हात अडतो. दात घासणे, दाढीचा साबण फेसणे, डबीत चमचा ढवळणे, या सगळ्या कामांत हेच होते. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, तेव्हाही त्यांनी नोंदवले होते की याची सुरुवात इतकी हळू होते की ती नेमकी केव्हा झाली हे रुग्णाला क्वचितच आठवते. तुम्हीही मागे वळून पाहिलेत तर चालताना एक हात हलायचा थांबला होता, खांदा दुखत होता म्हणून महिनोन्‌महिने शेक घेतला होता, असे काही आठवण्याचा संभव आहे.

करायचे काय? कपडे त्यांनी बसून घालावेत. जी बाजू अधिक ताठ आहे तिची बाही आधी चढवावी, आणि काढताना ती शेवटी काढावी. बटणे खालून वर लावत जावीत, कारण खालचे बटण डोळ्यांना दिसते आणि काजही चुकत नाही. शिंप्याकडून काजे किंचित मोठी करून घ्यावीत. मनगटाचे बटण इलॅस्टिकच्या दोऱ्याने शिवून घेतले तर ते न उघडताच हात बाहेर येतो. लेंग्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक घालावे आणि पँटच्या चेनला किल्ल्यांची कडी अडकवावी. आंघोळीसाठी उंच, न घसरणारे स्टूल, भिंतीला पक्का बसवलेला दांडा आणि लहान तांब्या ठेवावा. ओला साबण हातातून निसटतो. तो जाळीच्या पिशवीत घालून नळाला टांगला की काम सोपे होते. आणि कपडे घालत असताना त्यांच्याशी बोलू नये. यात रुक्षपणा नाही. त्यांचे सारे लक्ष बोटांवर असते, ते एका प्रश्नाने उडाले की बोटे थांबतात.

मदतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. त्यांना तुमच्या हातांपेक्षा वेळेची मदत अधिक लागणार आहे. ‘द्या इकडे, मी लावते’ हे वाक्य प्रेमापोटीच येते, पण ते रोज येऊ लागले की वर्षभरात बटण लावणे कायमचे सुटते, आणि मी अशी घरे पाहिली आहेत की जिथे रुग्णाचा हात अजून चांगला चालत होता, फक्त त्याला काही करू दिले जात नव्हते. सकाळचा सगळा क्रम अर्धा तास अलीकडे घ्यावा. लग्नाला किंवा गाडीला जायची घाई असेल त्या दिवशी, दोघांनी आधीच ठरवून, तुम्ही बटणे लावून द्यावीत. त्यांनी मागितल्यावर मदत करावी, आणि मागायला त्यांना संकोच वाटणार नाही असे वातावरण ठेवावे.

तुम्हाला आलेल्या रागाची लाज बाळगू नका. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. अशा गटांमध्ये दोघांनीही जावे, कारण हाच राग आणि हीच लाज दुसऱ्या एखाद्या शुभंकराच्या तोंडून ऐकली की मनावरचे ओझे बरेच उतरते.

प्रश्न : मी ५६ वर्षांची गृहिणी आहे. उजव्या हाताला पार्किन्सन्स आहे, वर्ष झाले. पोळी एका बाजूने जाड राहते, कणीक मळताना हात दमतो, निऱ्या सुटतात. दिवाळीत दारापुढे रांगोळी काढली नाही, सून म्हणाली स्टिकर लावू. घरचे म्हणतात आता स्वयंपाक सोडून दे. सोडावा का? (नाशिक)

उत्तर : सोडू नये. तुमचे पत्र तुम्ही स्वतः लिहिले आहे, अक्षर वाचता येते, तुम्ही एकट्या चालता-फिरता. या टप्प्यावर स्वयंपाकघर सोडणे म्हणजे दिवसभरातला सर्वांत चांगला व्यायाम सोडणे होय. बदलायची आहे ती कामाची रीत.

औषधाचा परिणाम दिवसभर सारखा वाटतो, की काही तास हात हलका आणि काही तास जड असतो, याकडे आठवडाभर लक्ष द्यावे. हात हलका असतो त्या वेळात कणीक आणि पोळ्या उरकाव्यात. कणीक मळताना परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके पसरावे, मळण्याची हालचाल मुद्दाम मोठी करावी, आणि कणकेचे दोन लहान गोळे करून मध्ये विश्रांती घ्यावी. पोळी एका बाजूने जाड राहते कारण उजवा हात लाटण्यावर डाव्याइतका दाब देत नाही; म्हणून लाटणे फिरवत बसण्याऐवजी दर दोन-तीन वेळा लाटल्यावर पोळीच हाताने पाव वळण फिरवावी. अर्ध्या पोळ्या तुम्ही आणि अर्ध्या दुसऱ्या कोणी लाटल्या तरी काही बिघडत नाही.

विळी मात्र तूर्त बाजूला ठेवावी, असा माझा आग्रह आहे. तिच्यावर पाते स्थिर असते आणि दोन्ही हातांना एकाच वेळी, एकाच गतीने पात्याकडे जावे लागते. एक हात मागे पडला की बोट कापते. शिवाय जमिनीवरून उठणे हे वेगळेच काम होऊन बसते. ओट्यावर फळी, फळीखाली ओले फडके आणि जाड मुठीची सुरी, हे तुम्हाला सोपे जाईल. सांडशीला सतत दाबून धरावे लागते आणि तुमचा हात तो दाब मध्येच सोडू शकतो, म्हणून दोन कानांची भांडी वापरावीत. उकळते वरण किंवा दूध ओतण्याऐवजी डावाने काढून घ्यावे. गॅसवर काही असताना फोन घेऊ नये.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मी विचारते : फोडणीचा वास पूर्वीसारखा येतो का? या आजारात वासाची जाणीव अनेकदा हालचालींच्या कित्येक वर्षे आधीच मंदावते, आणि ती इतकी हळू जाते की माणसाला स्वतःला कळत नाही; आमटी बेचव झाली म्हणून मीठ वाढत जाते एवढेच. स्वयंपाकघरात याचा धोका खरा आहे. दूध करपलेले, भाजी आंबलेली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिलिंडर गळत असलेला कळत नाही. गॅस गळतीची सूचना देणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते बसवून घ्यावे. सिलिंडर जमिनीलगत असतो आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणून यंत्रही खाली, जमिनीपासून जवळ बसवायचे असते. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी.

निऱ्यांसाठी पलंगाच्या कडेला बसावे, निऱ्या मांडीवर घालून मोठी पिन लावावी आणि मगच उभे राहून खोचाव्यात. सुती साडी सुळसुळीत साडीपेक्षा बरी पडते. घरात वावरताना पंजाबी ड्रेस किंवा गाऊन घातल्याने काही कमी होत नाही.

आणि रांगोळी काढावी. मुक्तहस्त रांगोळी या आजारात अवघड जाते, कारण रेघ किती लांब काढायची हे मेंदूने आतून ठरवायचे असते आणि नेमके तेच काम मंदावलेले असते. ठिपक्यांच्या रांगोळीत ते अंतर डोळ्यांपुढे आखलेले असते. बाहेरून अशी खूण मिळाली की अनेकांचा हात चकित व्हावे इतका सुधारतो. सुनेने ठिपके घालून द्यावेत आणि तुम्ही ते जोडावेत. जमिनीवर वाकून बसणे जड जात असेल तर पाटावर काढून तो पाट दारात ठेवावा.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त लेखनिक आहे. माझी सही लहान होत चालली आहे आणि बँकेने दोन धनादेश सही जुळत नाही म्हणून परत केले. खिडकीवर उभे राहिले की हात आणखी आखडतो. काय करावे? (सोलापूर)

उत्तर : अक्षर लहान होणे आणि ओळीच्या शेवटाकडे आणखी लहान होत जाणे हे पार्किन्सन्सचे नेहमीचे लक्षण आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते अगदी पहिले लक्षण असते. ज्यांनी चाळीस वर्षे सुवाच्य अक्षरात नोंदी केल्या त्यांना हे किती लागत असेल, याची मला कल्पना आहे.

शाखेत जाऊन नमुना सही बदलण्याचा अर्ज करावा. नवी नमुना सही आजच्या हाताने जशी सहज येते तशीच करावी, जुन्या वळणाचा अट्टहास धरू नये, आणि शक्य तर आद्याक्षरे व आडनाव अशी छोटी करावी. ही सोय सर्वच बँकांत असते. पुढे कधी सही करणेच अशक्य झाले तर, वृद्ध व आजारी खातेदारांना दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा उमटवून पैसे काढता येतात, आणि त्या साक्षीदारांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असतो. ही तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. आज तुम्हाला तिची गरज नाही. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही देता येतो, त्यामुळे त्यासाठीही सही आणि बोटांचे ठसे यांची चिंता करायला नको.

हाताच्या सरावासाठी दुरेघी वही आणावी आणि दोन्ही रेघांना टेकेल असे मोठे अक्षर रोज दहा मिनिटे काढावे. एक ओळ झाली की थांबून, हात उघड-मीट करून, मग दुसरी ओळ लिहावी. दहा ओळी सलग लिहिल्या तर शेवटच्या ओळी पुन्हा मुंगीएवढ्या होतील. पेन जाड घ्यावे. बँकेत मागे रांग असली की ताण येतो आणि ताणाने हालचाल आणखी आखडते, म्हणून धनादेशावर घरीच, टेबलाशी बसून सही करून न्यावी.

प्रश्न : चहाचा कप उचलला की माझे दोन्ही हात थरथरतात. वय ४९. वडिलांचेही असेच होते. मला पार्किन्सन्स झाला आहे का? पित्तासाठी वर्षभर एक गोळी चालू आहे, बाकी काही नाही. (मडगाव)

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला कंप काम करताना होतो, दोन्ही हातांना होतो आणि घराण्यात आहे. पार्किन्सन्सचा कंप साधारणपणे याच्या उलट वागतो : तो एका हाताला सुरू होतो, हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो आणि कप उचलला की पुष्कळदा थांबतो. तुमचा प्रकार दुसरा, पार्किन्सन्सपेक्षा अधिक लोकांत आढळणारा असण्याची शक्यता बरीच आहे. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. मात्र पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

जाताना ती पित्ताची गोळी बरोबर न्यावी, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडे पित्ताच्या काही गोळ्यांमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड हे औषधही मिसळलेले असते, आणि ते महिनोन्‌महिने घेतल्यास पार्किन्सन्ससारखी मंदगती, ताठरपणा आणि कंप निर्माण होऊ शकतो. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करवरचे सिनारिझिन आणि अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन यांच्याबाबतही हेच आहे. असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. एकदा लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तीच पाकिटे आणत राहण्याची आपली सवय याला मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

प्रश्न : मी ५४ वर्षांचा असून नोकरीत आहे. डावा पाय किंचित घासत चालतो. स्कूटर चालवावी का? आणि रोज किती चालावे? (नागपूर)

उत्तर : स्कूटरविषयी माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही. चारचाकी चालवण्याचा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यावा आणि सुरुवातीच्या काळात अनेकांना ती परवानगी मिळते. पण दुचाकीला सिग्नलवर क्षणात पाय टेकावा लागतो, खड्डा चुकवताना तोल सावरावा लागतो, आणि तुमचा घासणारा डावा पायच नेमका त्या कामाचा आहे. ती आत्ताच सोडावी. तुम्हाला प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांपैकी औषध चालू असेल तर काहींना त्याने दिवसा अचानक झोप लागते, हेही लक्षात घ्यावे. याच औषधांमुळे क्वचित एखाद्याला जुगाराची, खरेदीची किंवा लॉटरीची अनावर ओढ लागते. तसे काही जाणवले तर ते स्वभावाचा दोष मानून लपवू नये, डॉक्टरांना सांगावे.

चालण्याच्या बाबतीत किती चालावे याइतकेच कसे चालावे हे महत्त्वाचे आहे. मित्राशी गप्पा मारत केलेला फेरफटका मनाला चांगला असतो, पण त्यात लक्ष बोलण्याकडे जाते आणि पाऊल आखूड पडते. म्हणून रोज निदान अर्धा तास एकट्याने, दम लागेल अशा वेगाने चालावे. टाच आधी टेकावी, पाऊल नेहमीपेक्षा लांब टाकावे, डावा हात मुद्दाम मागे-पुढे हलवावा. मनात ठेका धरल्याने फार मदत होते. वारीत चाललेल्या कोणालाही ‘ज्ञानबा-तुकाराम’च्या गजरावर पावले कशी आपोआप पडतात ते ठाऊक आहे, पार्किन्सन्समध्ये हाच ठेका मेंदूला बाहेरून मिळणारी खूण ठरतो, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. परदेशात याच कारणासाठी घड्याळासारखी टिकटिक करणारे यंत्र वापरतात. वळताना एका पायावर गिरकी घेऊ नये, चार-पाच पावलांत अर्धवर्तुळ घेऊन वळावे.

या आजाराचा वेग औषधाने कमी झाल्याचे अजून सिद्ध झालेले नाही, पण नियमित, अंग घामेजेल अशा व्यायामाने चालणे, तोल आणि मनःस्थिती सुधारते याला भक्कम आधार आहे. नोकरीत असल्यामुळे आणखी एक माहिती तुमच्याजवळ असावी : २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्सचा समावेश आहे.

प्रश्न : आईला लेव्होडोपाची गोळी सुरू झाली आहे. ती जेवणाबरोबर द्यावी की आधी? संकष्टीला ती औषधही घेत नाही. शेजारच्यांनी कवचबीजाचे चूर्ण सुचवले आहे. (सांगली)

उत्तर : लेव्होडोपा मेंदूत कमी पडलेले डोपामिन भरून काढते. ही गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी किंवा जेवल्यानंतर तासाभराने, पाण्याबरोबर द्यावी. वरण, उसळ, दूध, पनीर यांतील प्रथिने आतड्यात आणि पुढे मेंदूत शिरताना याच औषधाशी स्पर्धा करतात. सुरुवातीच्या काळात पुष्कळांना त्याचा फरक जाणवत नाही, तरी सवय आत्तापासून लावलेली बरी. मात्र त्यासाठी प्रथिने कमी करू नयेत, स्नायूंना ती हवीतच. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन बिस्किटे किंवा केळे चालते. लोहाची गोळी चालू असल्यास दोन्हींमध्ये निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

उपवासाच्या दिवशी औषध बंद ठेवणे चुकीचे आहे. ही गोळी एकाएकी थांबवल्यास ताठरपणा एकदम वाढू शकतो, आणि मोठ्या मात्रेवर असणाऱ्यांना तर ते धोक्याचे ठरते. आईंना सांगावे की औषध म्हणजे अन्न नव्हे. कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचे बी, आयुर्वेदात कंपवातासाठी वापरले जाते आणि त्यात खरोखरच लेव्होडोपा असतो, म्हणूनच ते गोळीच्या जोडीला आपल्या मनाने देऊ नये. चमच्यात किती गेला हे कळत नाही आणि एकूण मात्रा वाढून मळमळ, रक्तदाब घसरणे, अंगाच्या अनावर हालचाली असे त्रास होऊ शकतात. द्यायचेच असेल तर वैद्य आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनाही एकमेकांची औषधे माहीत हवीत. उठताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ नये म्हणून आई अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसू देत, मग उभ्या राहू देत.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. बाबा ६६ वर्षांचे, सात-आठ महिन्यांपूर्वी पार्किन्सन्सचे निदान झाले. दर रविवारी बोलतो, पण त्यांचा आवाज इतका खोल गेला आहे की निम्मे ऐकू येत नाही. व्हिडिओवर चेहरा कोरा दिसतो, मी विनोद केला तरी हसत नाहीत. आई म्हणते, ते माझ्यावर नाराज आहेत, मी परत येत नाही म्हणून. रात्री झोपेत ओरडतात आणि लाथा मारतात, असेही ती म्हणते. खरेच नाराज असतील का?

उत्तर : तुमच्या बाबांच्या मनात काय आहे ते मला सांगता येणार नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखायचा प्रयत्न तुम्ही दोघांनीही थांबवावा. चेहऱ्याचे स्नायूही तेच मंदावलेले स्नायू आहेत. हसू आतून आलेले असते, ते ओठांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो किंवा फार थोडे पोहोचते, आणि पापण्याही कमी लवतात, त्यामुळे समोरच्याला तो चेहरा रागावलेला किंवा निर्विकार वाटतो. या एका गैरसमजातून किती घरांत अबोला धरला गेला आहे, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांना सरळ विचारावे, ‘बाबा, विनोद आवडला का?’ आणि उत्तरासाठी दहापर्यंत मोजत थांबावे.

आवाजाचे असे आहे की बाबांना स्वतःला तो पुरेसा मोठा वाटत असतो. म्हणून ‘ऐकू येत नाही’ म्हटल्याने ते चिडतात, आणि ‘सावकाश बोला’ म्हटल्याने तर आवाज आणखी बसतो. त्यांना एवढेच सांगावे की अंगणातून हाक मारल्यासारखे बोला. यासाठी वाचा-उपचाराची एक पद्धत आहे, जी ॲरिझोनातील ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स असलेल्या स्त्रीच्या नावाने ओळखली जाते; आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, असा तिचा क्रम असतो आणि सारा भर मोठ्याने बोलण्यावर असतो. प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट मिळाल्यास जरूर सुरू करावी. तोपर्यंत रोज सकाळी दीर्घ श्वास घेऊन ‘आ’ लांबवणे आणि पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन करणे घरीच होऊ शकते. वर्तमानपत्र, रामरक्षा, हरिपाठ, जे त्यांच्या ओठांवर असेल ते. रविवारच्या फोनवर त्यांनी तुम्हाला एक पान वाचून दाखवावे, असे ठरवून टाका. फोनची वेळ औषधाचा परिणाम चांगला असेल अशी निवडावी, दूरदर्शन बंद ठेवावा आणि आईंनी त्यांची वाक्ये पूर्ण करू नयेत.

उदासीनता मात्र वेगळी तपासावी. खाण्यात गोडी नसणे, कशातच मन न लागणे, पहाटे जाग येऊन रडू येणे, असे काही असेल तर ते नैराश्य असू शकते. पार्किन्सन्समध्ये ते मेंदूतल्या बदलांमुळेही येते आणि त्यावर उपचार आहेत. झोपेतले ओरडणे आणि लाथा मारणे हेही याच आजाराशी जोडलेले आहे : स्वप्न पडत असताना शरीर शिथिल राहायला हवे ते राहत नाही, आणि माणूस स्वप्नातले भांडण अंथरुणात करतो. अनेकांना हे निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून होत असते. आईंना विचारा, बहुधा त्या सांगतील की हे जुनेच आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगायलाच हवे, आणि आजपासून आईंनी शेजारच्या वेगळ्या पलंगावर झोपावे, बाबांचा पलंग बुटका असावा, आणि उशाजवळ तांब्या, दिवा, काचेचा पेला असे काही ठेवू नये.